माजी विद्यार्थ्यांचे ऋण व ते फेडण्याचे मार्ग

शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला, की विद्यार्थ्याचा विद्यालयाशी असलेला संबंध संपला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. कागदोपत्री ती खरी असेल. परंतु विद्येचे देणे ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत करता येईल, असे नसते. गुरुजनांचे ऋण मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांसच फेडावे लागते. ते कसे फेडावे, आणि त्यासाठी गाठीस पुष्कळ पैसा असलाच पाहिजे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. १८७५ च्या सुमारास कोकणातील मुरूड गावचा एक विद्यार्थी परीक्षेस बसण्यासाठी आपल्या सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून सातारा शहरी आला. वाट सुमारे ११० मैलांची, पावसाची आणि पायी चालण्याची. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे वय पुरे असावे लागे. त्याचे वय पुरे होते. दाखलाही जवळ होता. परंतु शरीर किरकोळ असल्यामुळे परीक्षकांस तो लहान वाटला, आणि त्यास परत पाठविण्यात आले. हाच विद्यार्थी पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे या नावाने सर्व हिंदुस्थानास ठाऊक झाला. त्या दिवशी त्याच्यापाशी बुद्धी होती, हिंमत होती, कागदही होता. नव्हता तो एकच आधार : 'हा मुलगा आमच्या गावचा, याचे वय मला ठाऊक आहे', असे सांगणारा, त्याच वाटेने आधी गेलेला कोणी वडीलधारा.

पुढे कर्वे शिकून मुंबईस स्थिरावले, तेव्हा त्यांनी १८८६ मध्ये 'मुरूड फंड' काढला. पोटासाठी गावाबाहेर पडलेल्या मंडळींनी आपल्या मिळकतीचा लहानसा अंश गावच्या सार्वजनिक कामांसाठी द्यावा, अशी ती योजना होती. आपल्या आप्तांपैकी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या हुशार मुलास त्यांनी शिक्षणासाठी मुंबईस आपल्या घरी आणून ठेवले. हे परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज येथे गणितात सीनिअर रँग्लर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर ते, जेथे स्वतः शिकले त्याच पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापनास परत आले, व १९०२ मध्ये तेथील प्राचार्य झाले. एकाने दुसऱ्यास हात दिला, दुसऱ्याने पुढच्या शेकडोंस. ऋण फेडणे म्हणतात ते हेच.

आपल्या भागाकडे वळू. विटे गाव व खानापूर तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. त्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथे वाढलेल्या मुलांपैकी पुष्कळजण शिकून पुन्हा संस्थेच्याच सेवेत आले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांपैकीच. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या या गृहस्थांनी वकिलीपेक्षा संस्थेचे काम पत्करले, व पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

परंतु विटेकरांस हा धडा ग्रंथांतूनच शिकावयास हवा, असे मुळीच नाही. आमच्या दुष्काळी माळरानाने कित्येक कुटुंबांस सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशोदेशी पाठविले. केरळपासून पंजाबपर्यंत मोठ्या शहरांच्या सराफपेठांत खानापूर-आटपाडीकडील माणसाची भट्टी आढळते. ही माणसे तेथवर पोहोचली कशी? आधी गेलेल्याने गावातील एखाद्या पोरास बरोबर नेले, आपल्याच दुकानात निजावयास जागा दिली, मूस कशी धरावी, तेजाबापासून कसे जपावे, कस कसा पाहावा हे शिकविले, आणि हात बसल्यावर त्यास स्वतःची भट्टी घालून दिली. त्या पोराने मोठेपणी तसेच केले. या रीतीला कोणी संस्थेचे नाव दिले नाही, की तिचा कधी अहवाल छापला नाही. तरी तिने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. धंद्यात आपण जे सहज करतो, ते विद्येच्या क्षेत्रात का करू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता माजी विद्यार्थ्यांस करता येण्याजोगी कामे क्रमाने सांगतो.

पहिले काम माहिती देण्याचे. आज शिष्यवृत्त्या व सवलती थोड्या नाहीत. पण त्यांची खबर वेळेवर पोहोचत नाही. उदाहरणार्थ, महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील कुटुंबांच्या मुलींस, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेने व्यावसायिक शिक्षणास प्रवेश मिळाल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ केले. ही गोष्ट ज्या बापास कळली नाही, तो खर्चाच्या धास्तीने मुलीचे शिक्षण बारावीवरच थांबवील. तसेच जातवैधतेच्या प्रमाणपत्रास वेळ लागतो, हे निकालानंतर कळून उपयोग काय? एका कागदापायी मुलाचे एक वर्ष वाया जाते. नुकत्याच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास हे सर्व ताजे ठाऊक असते. त्याने दिवाळीच्या सुट्टीत दोन तास विद्यालयात येऊन अकरावी-बारावीच्या मुलांस कागदांची यादी समजावून सांगितली, तरी मोठे काम झाले.

दुसरे काम आसऱ्याचे. पुण्यामुंबईस प्रवेशपरीक्षेसाठी जाणाऱ्या मुलास एक रात्र निजण्यास जागा व सकाळी परीक्षाकेंद्राची वाट दाखविणारा माणूस मिळाला, तर त्याची अर्धी भीती जाते. मुलींच्या बाबतीत तर याचे मोल फारच मोठे आहे. परगावी शिकून नोकरीस लागलेली माजी विद्यार्थिनी एखाद्या घरी जाऊन आईशी बोलली, वसतिगृह कसे असते, रात्री दार किती वाजता लागते हे तिने सांगितले, तर आमच्या दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते त्या एका भेटीने होते.

तिसरे काम अभ्यासाचे. इंग्रजी किंवा गणित कच्चे असलेल्या दोन-तीन मुलांस आठवड्यातून एक तास, दूरध्वनीवरून का होईना, शिकविता येते. मुलाखतीचा सराव घेता येतो. आपली वापरून झालेली पुस्तके विद्यालयाच्या ग्रंथपेढीस देता येतात. केंद्र सरकारने ७ सप्टेंबर २०२१ रोजी 'विद्यांजली' योजना नव्या स्वरूपात सुरू केली. तिच्याद्वारे सरकारी व अनुदानित शाळांस अशी स्वयंसेवा रीतसर देता येते.

चौथे काम आपला व्यवसाय दाखविण्याचे. परिचारिका, यंत्रमागाचा कारखानदार, तलाठी, अभियंता, गलाईवाला, ज्याने त्याने आपले काम दिवसभर कसे चालते, त्यात कष्ट कोणते व मिळकत किती, हे मुलांस खरेखरे सांगावे. केवळ यशाची कथा सांगितल्याने मुले दिपून जातात. अडचणी सांगितल्याने शहाणी होतात.

पाचवे काम द्रव्याचे. ते मुद्दाम शेवटी ठेविले आहे. एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरवर्षी नेमाने दिलेली लहान रक्कम अधिक उपयोगी पडते. कारण तिच्या भरवशावर विद्यालयास एखाद्या मुलाचे तीन वर्षांचे शिक्षण पत्करता येते. मात्र निधीचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडावा, आणि कोणास साहाय्य मिळाले ते चारचौघांत सांगू नये. मदत घेणाऱ्याची मान खाली गेली, तर ती मदत नव्हे.

या कामी दोन पथ्ये आणखी पाळावी लागतात. मुलांशी होणारी प्रत्येक भेट व संभाषण विद्यालयाच्या माहितीने व पालकांच्या संमतीनेच व्हावे. आणि जे पत्करले ते तडीस न्यावे. आठ दिवस उत्साहाने शिकवून नवव्या दिवशी न येणारा मनुष्य मुलांच्या मनात अभ्यासापेक्षा निराशाच अधिक पेरतो. महिन्यातून एकच तास द्या, पण तो चुकवू नका.

हे सर्व एकेकट्याने होण्यासारखे नाही. त्यास मंडळ हवे. अमेरिकेतील विल्यम्स महाविद्यालय बंद पडण्याच्या बेतात असता, १८२१ मध्ये त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघ स्थापिला, व ते महाविद्यालय आजही चालू आहे. आपल्याकडे परगावची मंडळी दसऱ्यास पालख्यांची शर्यत पाहण्यासाठी विट्यास येतात. त्याच सुमारास एक सकाळ विद्यालयात जमावे, कोण कोणते काम करील याची नोंद करावी, व पुढील वर्षी त्या नोंदीचा जाब द्यावा. एवढ्याने आरंभ होतो.

पालकांस एवढीच विनंती, की माजी विद्यार्थी घरी आला तर त्यास संकोच न करता विचारा. अज्ञान लपविण्यात मुलाचे नुकसान आहे. आणि विद्यार्थीमित्रहो, माजी विद्यार्थी होण्याची वाट पाहत बसू नका. दहावीतला मुलगा सातवीतल्यास अपूर्णांक शिकवू शकतो. सातवीतली मुलगी चौथीतलीस वाचावयास लावू शकते. ज्या ठिकाणी तुम्ही स्वतः अडला होता, ती जागा ध्यानात ठेवा. मागून येणारा तेथेच अडणार आहे, आणि त्यास हात देण्यास तुमच्याहून योग्य मनुष्य दुसरा नाही.