जुन्या घरातील धूरनळीची फेरजोडणी

घरातून हवा वाहून नेणाऱ्या नळ्या म्हटले की पाश्चात्त्य देशांतील घरे डोळ्यांसमोर येतात. तेथे उबदार अथवा थंड केलेली हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोलोखोली खेळविली जाते. आपल्याकडील कौलारू घरात अशी नळी बहुधा एकच असते, ती म्हणजे चुलीचे धुराडे. वसई रोड-दिवा लोहमार्गावरील खारबावसारख्या भिवंडी तालुक्यातील गावात गॅसची शेगडी आली, तरी आंघोळीचे पाणी आणि तांदळाची भाकरी यांसाठी मागील पडवीतील चूल ठेवणारी घरे असतात. तेथील जुनी नळी बदलण्याचे काम घरचा माणूस स्वतःच हाती घेतो. हे काम वरवर सोपे दिसते. परंतु त्यामागील भौतिक तत्त्व ध्यानात न घेतल्यास नवी नळी बसूनही धूर घरातच राहतो.

धुराड्याच्या चुलीचा प्रसार आपल्याकडे जुना आहे. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी 1950 च्या दशकात निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. पुढे केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने (1983 ते 2002) ती खेड्यापाड्यांत नेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरगुती वायुप्रदूषणामुळे जगात सुमारे 32 लक्ष मृत्यू घडले. तेव्हा नळीचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

धूरनळीस पंखा नसतो. आतील उष्ण वायू बाहेरील हवेहून हलका असतो, एवढ्याच बळावर तो वर चढतो. या बळास आपण ‘ओढ’ म्हणू. नळीची उंची 3 मीटर, बाहेरील तापमान 30 अंश आणि नळीतील सरासरी तापमान 130 अंश सेल्सिअस धरल्यास ही ओढ सुमारे 8.5 पास्कल भरते. पाण्याच्या स्तंभात मोजावयाचे तर ती एक मिलीमीटरहूनही कमी होय. नळीचे सर्व भांडवल काय ते एवढेच. नळी बदलणाऱ्याने प्रत्येक निर्णय घेताना या भांडवलाचा हिशेब ठेवावयास हवा.

पहिला खर्च थंडाव्याचा. नळी भिंतीबाहेरून उघड्यावर नेली आणि आतील सरासरी तापमान 80 अंशांवर आले, तर तीच ओढ 5 पास्कलच्या खाली उतरते. म्हणून नळीचा शक्य तितका भाग घराच्या आत ठेवावा. दुसरा खर्च व्यासाचा. प्रवाह तोच ठेवला तर घर्षणाने होणारी दाबाची हानी स्थूलमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 100 ऐवजी 75 मिलीमीटरची नळी घातल्यास ही हानी चौपटीहून अधिक होते. 100 मिलीमीटरच्या नळीत आतून एक सेंटीमीटर काजळी साचली, तरी हानी तिप्पट होते. रोजच्या चुलीची नळी दरमहा साफ करावी, असे म्हणण्याचे कारण हेच. तिसरा खर्च वळणांचा. काटकोनी वळण टाळावे. अपरिहार्य असल्यास 45 अंशांची दोन वळणे द्यावीत आणि तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवावे.

प्रत्यक्ष कामातील सर्वांत धोक्याचा क्षण जुनी नळी उतरविण्याचा असतो. पूर्वीच्या पुष्कळ नळ्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या, म्हणजे करड्या व सिमेंटसारख्या दिसणाऱ्या होत्या. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरले आहेत. अशी नळी करवतीने कापू नये, फोडू नये वा घासू नये. ती ओली करून अखंड उतरवावी व जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावी. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. नळी तडकलेली अथवा भुगा होऊ लागलेली असेल, तर ते काम घरी करण्याचे नव्हे.

नवी नळी पत्र्याची असल्यास वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवावे, म्हणजे पाझरणारे डांबरी द्रव्य सांध्यातून बाहेर न येता आतल्या आत उतरते. वासे व रिपा यांना नळी टेकता कामा नये. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत एकेरी पत्र्याची नळी आणि लाकूड यांत 18 इंच, म्हणजे सुमारे 46 सेंटीमीटर अंतर सांगितले आहे. आपल्या छपरात त्यासाठी रिपा कापून त्या जागी पत्रा बसवावा लागतो. नळीचे तोंड 3 मीटरच्या परिसरातील छपराहून किमान 60 सेंटीमीटर उंच असावे. अन्यथा पावसाळी पश्चिमवाऱ्याने धूर उलट फिरतो. पावसासाठी बसविलेली टोपी आणि नळीचे तोंड यांतील अंतर व्यासाच्या चतुर्थांशाहून कमी असल्यास वाट अरुंद होते. ते व्यासाच्या निम्मे ठेवणे इष्ट.

काम संपल्यावर चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो की नाही ते पाहावे. ही परीक्षा दारे-खिडक्या लावून, आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असल्यास तो चालू ठेवून, पुन्हा घ्यावी. जुन्या घरास सरकत्या काचांच्या घट्ट खिडक्या बसविल्या, की आत येणाऱ्या हवेची वाट बंद होते. अशा खोलीत पंखा धूरनळीवर सहज मात करतो व तिच्यातूनच हवा खाली खेचतो. तिच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि त्यास वासही नसतो. म्हणून हवा आत येण्यासाठी भिंतीत कायमचा झरोका हवा.

तात्पर्य, धूरनळी ही सुटी वस्तू नसून चूल, छप्पर, खिडकी व वारा यांना जोडणारी एक व्यवस्था आहे. तिचे बळ अत्यल्प असल्यामुळे थोडी चूकही महाग पडते, आणि त्याच कारणाने थोडी समज असलेला घरचा माणूसही ती उत्तम रीतीने दुरुस्त करू शकतो. मात्र घराबाहेर गेलेला धूर नाहीसा झालेला नसतो. तो अंगणात व शेजाऱ्याच्या खिडकीत असतो. वाळलेले सरपण आणि पूर्ण ज्वलन यांची गरज नळीने भागत नाही, हेही विसरता कामा नये.