संचयिकेचा विसरलेला धडा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत १९७० आणि १९८० च्या दशकांत शाळा शिकलेल्या पिढीतील अनेकांना 'संचयिका' हा शब्द अजून आठवत असेल. मुलांनी मुलांसाठी शाळेतच चालविलेली ती एक लहानशी बँक होती. ठरलेल्या दिवशी मुले चार आणे, आठ आणे घेऊन येत. एक विद्यार्थी पैसे मोजून घेई, दुसरा वहीत नोंद करी, तिसरा बेरीज ताडून पाही आणि शिक्षक देखरेख करीत. जमलेली रक्कम संचयिकेच्या नावे पोस्टातल्या खात्यात भरली जाई. शिल्लक पडे ती थोडीच. परंतु दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवावा लागतो, वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळेपर्यंत घरी जायचे नसते, हा धडा चौदा-पंधराव्या वर्षी मिळे. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळण्यासारखा नव्हता.

आज सरकारचे या बाबतीत दुर्लक्ष आहे, असे म्हणता येणार नाही. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्पष्ट केली आणि २०२५ मध्ये त्याविषयीच्या सूचना नव्याने दिल्या. मुलींसाठी 'सुकन्या समृद्धी' योजना २०१५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाच्या 'लेक लाडकी' योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या पात्र मुलींना टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळावयाचे असून, त्यांतील ७५ हजार रुपये वयाच्या अठराव्या वर्षी हाती यावयाचे आहेत. मुलांच्या नावे निवृत्तिवेतनाची पुंजी उभी करणारी 'वात्सल्य' योजनाही केंद्राने २०२४ मध्ये सुरू केली. खाती आहेत, योजना आहेत, अनुदानेही आहेत. उणीव आहे ती पैसा ओळखण्याच्या शिक्षणाची. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत देशातील अवघे २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. महाराष्ट्राचा आकडा होता १७ टक्के! ज्या राज्याच्या राजधानीत रिझर्व्ह बँक आणि शेअर बाजार दोन्ही आहेत, त्या राज्याला ही गोष्ट भूषणावह नाही.

पैसा आला, जाण नाही

या अज्ञानाची किंमत तरुण पिढी मोजू लागली आहे. पूर्वी शेअर बाजारात जाण्यासाठी दलालाच्या पेढीची पायरी चढावी लागे. आता लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या मोबाइलवर सौदा होतो. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. त्यांचा सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. २०२३-२४ मध्ये अशा व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले. आदल्या वर्षी ते ३१ टक्के होते. पहिल्या नोकरीतील पगार आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम यांचा असा चुराडा होत असेल, तर त्याला केवळ तरुणांची हाव कारणीभूत आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही.

सावधपणे बचत करणाऱ्यांचीही स्थिती फार निराळी नाही. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. खात्यातून प्रारंभी फक्त एक हजार रुपये काढता येतील असे जाहीर झाले, तेव्हा पूर्व उपनगरांतील कितीतरी कुटुंबांना एक साधी गोष्ट प्रथमच कळली. बँकेतील ठेवींना विमासंरक्षण असते, पण त्याला मर्यादा असते. ती मर्यादा त्या वेळी एक लाख होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. पतपेढीतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही, हे आजही किती ठेवीदारांना ठाऊक असेल? भिशी, पतपेढी, सहकारी बँक, पोस्ट आणि शेअर बाजार यांतील जोखमीचा फरक दहावी झालेल्या मुलाला सांगता येऊ नये, हे शिक्षणाचे अपयश मानले पाहिजे.

शासनाचा उत्साह का ओसरला?

एके काळी अल्पबचतीचा प्रचार जिल्हाधिकाऱ्यापासून प्राथमिक शिक्षकापर्यंत सर्वांच्या गळ्यात मारला जाई. उद्दिष्टे ठरत आणि ती पुरी करताना शिक्षक व कारकून मेटाकुटीस येत. त्यामागे केवळ लोकशिक्षणाची तळमळ नव्हती. राज्यात जमणाऱ्या अल्पबचतीचा मोठा हिस्सा राज्य सरकारला कर्जाऊ मिळत असे. पुढे वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०१६ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्ये या व्यवस्थेतून बाहेर पडली. तिजोरीचा संबंध संपल्यावर प्रचारही मंदावला, तर नवल नाही. तथापि, मुलांच्या बचतीचा खरा लाभ सरकारी तिजोरीला नसून त्या मुलांना आहे, हे तत्त्व मान्य केले तर उत्साह ओसरण्याचे कारण उरत नाही.

केवळ पैसे देऊन हे साधत नाही, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. सप्टेंबर २००२ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावे तेथील सरकारने साधारणतः २५० पौंड ठेवले. २०११ मध्ये ही योजना नव्या मुलांसाठी बंद झाली. २०२० पासून ही मुले अठरा वर्षांची होऊ लागली, तेव्हा लाखो तरुणांनी आपली रक्कम मागितलीच नाही. आपल्या नावे काही आहे, याचाच अनेकांना पत्ता नव्हता! 'लेक लाडकी'चे ७५ हजार रुपये हाती पडतील तेव्हा आपल्याकडील मुलींची अशी गत होऊ नये, यासाठी अजून बरीच वर्षे हाताशी आहेत.

शिक्षकांवर आधीच निवडणूक, जनगणना आणि नाना प्रकारच्या नोंदींचे ओझे आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून संचयिका पुन्हा आणावयाची तर ती शिक्षकाच्या माथी मारून चालणार नाही. आठवड्यातून एकदा जवळच्या पोस्टाचा किंवा बँकेचा कर्मचारी शाळेत यावा, हिशेब मुलांनी ठेवावा, आणि चक्रवाढ व्याज, महागाई, विमा व जोखीम यांचे पाठ गणिताच्या तासालाच त्या हिशेबाच्या आधारे व्हावेत. ज्यांच्या घरी महिनाअखेर उसनवारी होते, त्या मुलांनी काय साठवावे, हा प्रश्नही खरा आहे. त्यांच्या रुपयात शासनाने एक रुपया घातला, तर तो खर्च अनेक घोषणांच्या जाहिरातींहून कमी होईल. प्रारंभ उपनगरांतील महापालिका शाळांपासून करता येईल. तेथील मुलांना या शिक्षणाची गरज सर्वांत अधिक आहे.

चार आण्यांची संचयिका कोणाला श्रीमंत करू शकली नाही. तो तिचा हेतूही नव्हता. परंतु जो मुलगा वर्गमित्राच्या आठ आण्यांचा हिशेब देण्यास शिकला, तो मोठेपणी स्वतःच्या आठ हजारांचा हिशेब दुसऱ्याकडे मागण्यासही कचरत नाही. बँकेच्या बंद दारासमोर रांग लावण्याची पाळी येण्यापूर्वीच हा हिशेब मागण्याची सवय लागली पाहिजे, आणि ती लावण्याची जागा शाळाच आहे.