एंडोमेट्रिऑसिस : शस्त्रक्रिया आणि मातृत्वाची शक्यता

मासिक पाळीच्या दिवसांत मुलींचे पोट दुखणे ही आपल्या समाजात इतकी नित्याची बाब मानली जाते की, त्या वेदनेमागे एखादा विकार असू शकेल, असा विचार घरात, शाळेत आणि पुष्कळदा दवाखान्यातही होत नाही. 'लग्न होऊन एक मूल झाले की दुखणे आपोआप थांबेल', हा सल्ला तर पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. परंतु दर महिन्याला शाळा बुडावी, अंथरूण धरावे लागावे आणि नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडू नये, अशी वेदना असेल तर ती एंडोमेट्रिऑसिस या विकाराची खूण असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत.

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, त्यासारखेच ऊतक या विकारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर किंवा आतड्यांवर वाढू लागते. पाळीच्या वेळी या ऊतकातूनही रक्तस्राव होतो. पण त्याला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे आतल्या आत दाह होतो, व्रण पडतात आणि शेजारचे अवयव एकमेकांस चिकटतात. अमेरिकेतील आल्बनी येथील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली अशी मीमांसा मांडली की, पाळीच्या रक्ताचा काही अंश गर्भनलिकांतून उलट दिशेने ओटीपोटात जातो व तेथे रुजतो. मात्र असा उलट प्रवाह बहुतेक स्त्रियांत होत असताना विकार थोड्यांनाच का जडतो, याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

अवयव चिकटल्याने स्त्रीबीज नलिकेत पोचण्यास अडथळा येतो आणि दाहामुळे गर्भधारणेस आवश्यक असे वातावरण बिघडते. तथापि विकार जडला म्हणजे वंध्यत्व आलेच, असे मुळीच नाही. या विकाराच्या अनेक स्त्रियांना कोणत्याही उपचाराविना दिवस राहतात, ही गोष्ट मुलींना आणि विशेषतः त्यांच्या सासरच्या मंडळींना सांगणे अगत्याचे आहे.

दुर्बिणीच्या साहाय्याने हे ऊतक काढून टाकल्यास वेदना कमी होतात, याविषयी फारसा मतभेद नाही. गर्भधारणेच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. कॅनडामध्ये सौम्य स्वरूपाचा विकार व वंध्यत्व असलेल्या ३४१ स्त्रियांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ३१ जणींना ३६ आठवड्यांत दिवस राहून गर्भ टिकला; ज्यांची दुर्बिणीने केवळ तपासणी झाली, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा सुमारे १८ होते. इटलीतील १९९९ सालच्या लहान पाहणीत मात्र असा फरक आढळला नाही.

खरा प्रश्न उद्भवतो तो अंडाशयातील गाठीच्या वेळी. या गाठीत जुने, काळपट रक्त साठलेले असते. तिच्या रंगावरून तिला 'चॉकलेट सिस्ट' असे म्हणतात. स्त्रीच्या अंडाशयांत जन्मतः सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात व पुढे ती घटतच जातात. साठ्यात नवी भर पडत नाही. गाठीचे आवरण अंडाशयापासून सोलून काढताना त्याला चिकटलेला निरोगी भागही थोडाफार निघून येतो आणि रक्तस्राव थांबविण्यासाठी दिलेल्या उष्णतेनेही बीजांना इजा पोचते. गाठीमुळे हा साठा आधीच कमी होत असतो, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. साठ्याचा अंदाज रक्तातील 'एएमएच' या संप्रेरकावरून करतात. आठ पाहण्यांच्या एकत्रित अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण सरासरी ३८ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. दोन्ही अंडाशयांवर शस्त्रक्रिया झाल्यास हानी अधिक होते. अशा १२६ स्त्रियांच्या इटलीतील पाहणीत २.४ टक्के स्त्रियांच्या अंडाशयांचे कार्य शस्त्रक्रियेनंतर बंद पडले. केवळ गाठ फोडून रक्त काढून घेतले तर साठा वाचतो खरा, परंतु गाठ बहुधा पुन्हा भरते आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा महाग पडते, पैशाने नव्हे, बीजांच्या हिशेबाने. साठा कमी झाला म्हणजे मूल होणारच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. हाती असलेला काळ कमी झाला, इतकाच त्याचा अर्थ.

म्हणून अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत शस्त्रक्रिया करावी की नाही, यापेक्षा ती केव्हा, किती आणि कोणाच्या हातून करावी, हा विचार महत्त्वाचा ठरतो. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले आहे की, हा विकार व त्यावरील शस्त्रक्रिया या दोहोंचा बीजसाठ्यावर होणारा परिणाम किशोरवयीन मुलींना समजावून सांगितला पाहिजे. केवळ शरीरबाह्य फलनाचे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचे यश वाढावे म्हणून आधी गाठ काढण्याची शिफारसही या सूचना करीत नाहीत. संप्रेरकांच्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात राहतात. परंतु त्यांनी गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण तो खर्चिक आहे आणि अगदी तरुण मुलींना त्याचा लाभ किती, हे अजून निश्चित झालेले नाही. ही सेवा देणाऱ्या केंद्रांना २०२१ च्या केंद्रीय कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे.

पोटदुखीवर गर्भाशयच काढून टाकण्याचा जो उपाय ग्रामीण भागात सुचविला जातो, त्याची गोष्ट निराळी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाले. त्यांची कारणे वेगवेगळी होती. मात्र एंडोमेट्रिऑसिसच्या बाबतीत गर्भाशय गेले तरी अंडाशयावरचे व आतड्यावरचे ऊतक तसेच राहू शकते. वेदना थांबण्याची शाश्वती नाही आणि मातृत्वाची वाट तेवढी कायमची बंद होते.

वेदना सुरू होण्यापासून निदान होईपर्यंत चार ते अकरा वर्षे लोटल्याचे अनेक देशांत आढळले आहे. पाळीच्या दिवसांत दरमहा गैरहजर राहणारी मुलगी सर्वप्रथम शिक्षिकेच्या हजेरीपटात दिसते. तिच्या पालकांशी बोलून तिला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठविता येते. ग्रामपंचायत सदस्य व आशा कार्यकर्ती यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. अंडाशयातील गाठ सोनोग्राफीत सहसा दिसते, केवळ निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याची आता दरवेळी गरज उरलेली नाही. मुंबईत परळ येथे असलेल्या राष्ट्रीय प्रजनन संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांतील या विकाराचा बहुकेंद्री अभ्यासही हाती घेण्यात आला आहे.

शस्त्रक्रिया ठरल्यास तिच्यापूर्वीचा एएमएचचा अहवाल, सोनोग्राफीची चित्रे आणि शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद रुग्णालयातून मागून घ्यावी व ती घरी जपून ठेवावी. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या गावी मूल होण्यासाठी उपचार घेण्याची वेळ आली, तर कोणत्या अंडाशयातून काय व किती काढले, हे तेथील डॉक्टरांना या कागदांवरूनच कळते.