मोहरांचा हंडा, मेटल डिटेक्टर आणि नेवाशाची पांढरी

गढी पडकी असली की तिच्या पोटात मोहरांचा हंडा असतो, हंड्यावर नाग असतो, आणि तो हंडा दिसायला माणूस पायाळू लागतो, म्हणजे पायांकडून जन्मलेला. ही गोष्ट मराठी मुलखात कोणाला शिकवावी लागत नाही. तिचा अघोरी भाग इतका खरा आहे की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या प्रकारांची दखल घ्यावी लागली. आता पायाळू माणसाच्या जागी मेटल डिटेक्टर आला आहे. कोणी म्हणतो गॅरेट घे, कोणी म्हणतो माइनलॅब, आणि एखादा भामटा दोन पितळी कांड्यांचं ‘लाँग रेंज’ यंत्र दाखवून वीस फूट खोलवरचं सोनं हुडकून देण्याची हमी देतो.

या कांड्यांचा निकाल आधी लावू. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावरून जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रजाने ‘एडीई ६५१’ हे बॉम्बशोधक यंत्र बनवलं आणि इराकच्या सरकारला विकलं. आत काहीच नव्हतं. २०१३मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर बगदादच्या नाक्यांवर त्या कांडीवर विसंबून गाड्या सोडल्या जात होत्या. लांबून सोनं ओळखणारं यंत्र म्हणून जे विकलं जातं ते याच वाणाचं. उरतात ती खरी यंत्रं, आणि त्यांची तुलना करायची तर नेवाशासारखी जागा नाही.

नेवाशाला येणारा माणूस पैसाच्या खांबापाशी जातो. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०च्या सुमारास, इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण प्रवरेच्या काठावर लाडमोड नावाची टेकडीही आहे, आणि १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. १९६०मध्ये निघालेल्या अहवालाचं नाव आहे ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’. खणणारा माणूस जसजसा खाली उतरतो त्या क्रमानेच हे नाव बेतलं आहे. वर मुसलमानी-मराठा काळ, त्याखाली रोमशी व्यापार चालू असतानाचा काळ, मग सातवाहनांचा आरंभकाळ, मग साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाण वस्ती, आणि नदीच्या गाळात अश्मयुगाचे दोन टप्पे. जवळच्या चिरकी नाल्याकाठी पुढे गुद्रुन कॉर्विनस यांनी हातकुऱ्हाडींच्या युगाचा कसून अभ्यास केला. एका गावात इतके थर क्वचित सापडतात.

आता यंत्राकडे. थाळीत तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो. धातू वाटेत आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, ते स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. परतणारा संकेत किती मागे पडला यावरून यंत्र अंदाज बांधतं: लोखंड, वर्ख, तांबं की चांदी. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी याच तत्त्वाने शोधायचा प्रयत्न केला. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनीही घोळ घातला, असं सांगतात. पुढे १९४१च्या सुमारास योझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक केला आणि एल अलामेनच्या लढाईत तो वापरला गेला. आजचे छंदी लोक वापरतात ती यंत्रं याच घराण्यातली.

खोलीचा हिशेब क्रूर आहे. लहान वस्तू दुप्पट खोल गेली की परतणारा संकेत जवळपास चौसष्टपट क्षीण होतो. म्हणून चांगल्या यंत्रालाही एकटं नाणं वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंतच कळतं. मोठी थाळी खोल बघते, पण बारीक वस्तू तिच्या हातून निसटते. लाडमोडचे थर कित्येक मीटर जाडीचे आहेत. त्यावर कोणतंही यंत्र फिरवा, ते फक्त वरची साय चाखणार.

गॅरेटचं ‘एस २५०’ हे शिकाऊ माणसाचं यंत्र ६.५ किलोहर्ट्झवर चालतं. स्वस्त, हलकं आणि टिकाऊ. पण त्यात मातीचा तोल वापरणाऱ्याला जुळवता येत नाही, कारखान्यात बसवला तोच. इथेच दख्खन आडवं येतं. इथल्या बेसॉल्ट खडकात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, ती झिजून काळ्या मातीत उतरतात आणि थाळी नुसती वरखाली झाली तरी यंत्र कुरकुरतं. त्यात जुनी चूल, भट्टी किंवा जळालेल्या घराची जमीन असली तर भाजलेली माती अधिकच चुंबकीय होते, आणि जुन्या वस्तीच्या जमिनीत, म्हणजे पांढरीत, भाजलेली माती नसणारच कशी? याच कंपनीचं ‘एटी प्रो’ १५ किलोहर्ट्झचं आहे, त्याला मातीचा तोल हाताने किंवा आपोआप लावता येतो आणि ते पाण्यातही चालतं. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचं ‘डेउस’ एक किलोच्या आत बसतं, थाळी आणि हेडफोन बिनतारी, त्यामुळे दिवसभर चालणाऱ्याच्या खांद्याला सुख. माइनलॅबचं ‘इक्विनॉक्स ८००’ एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालतं, आणि खनिजी जमिनीत हा त्याचा मोठा गुण. याच कंपनीचं ‘जीपीएक्स ५०००’ स्पंदनांवर, म्हणजे झटके देऊन मधल्या शांततेत ऐकायच्या पद्धतीवर चालतं. तांबड्या ऑस्ट्रेलियन मातीतलं सोनं शोधायला ते बनवलं आहे आणि आपल्या काळ्या मातीची कुरकुर ते बरीच गप्प करतं. पण लोखंड ओळखण्यात ते कच्चं, त्यामुळे प्रत्येक खिळ्यासाठी कमरेत वाकायची तयारी हवी. निव्वळ मातीच्या कसोटीवर मी ‘इक्विनॉक्स’च्या बाजूचा आहे, आणि ‘एस २५०’ इथे कोणाला घ्यायला सांगणार नाही.

पण मातीपेक्षा मोठी अडचण नाण्यांची आहे. ‘एस २५०’च्या पडद्यावर ज्या खुणा असतात त्या अमेरिकी नाण्यांच्या, अंगठीच्या आणि शीतपेयाच्या डब्याच्या कडीच्या. शिवराई त्या पट्टीवर छान बसते, कारण ती जाड तांब्याची. सातवाहनांचं शिसं खालच्या बाजूला जातं. पोटीन हा तांबं, कथिल आणि शिशाचा मिश्रधातू, तो मधेच कुठेतरी. क्षत्रपांचं चांदीचं नाणं दोनेक ग्रॅमचं, त्याला उंच वारंवारता लागते. आणि होन! तीन ग्रॅमच्या आतला सोन्याचा तुकडा पडद्यावर वर्खाच्या घरात जाऊन बसतो. गुटख्याच्या पुड्यांनी भरलेल्या शेतात कोणी वर्ख वगळायचं बटण दाबलं, तर त्या बटणाने पहिला होनच वगळला जातो. नेवासे तालुका उसाचा, भेंड्याला आणि सोनईला साखर कारखाने. शेतात नट-बोल्ट, तारेचे तुकडे, खुरप्याची पाती, बाटल्यांची झाकणं यांचा सुकाळ. यंत्र विकणारे परदेशी दुकानदार ज्याला स्वच्छ जमीन म्हणतात ती इथे मिळणं अवघड.

नाण्यांवरून प्रवरासंगमाचा पूल आठवतो. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते तिथे बसमधून हात जोडता जोडता लोक पाण्यात नाणं टाकतात. नदीकाठच्या गावांतली पोरं दोरीला लोहचुंबक बांधून अशी नाणी काढतात, आणि त्यांना ती मिळतात याचं कारण टांकसाळीत आहे. सध्याचं एक-दोन रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचं असतं. मौज अशी की महागड्या डिटेक्टरला हेच नाणं लोखंडी खिळ्यासारखं भासतं आणि लोखंड वगळलं तर तो ते गुमान ओलांडून जातो. यंत्रांच्या आधीही आपल्याकडे धातू शोधणारे होतेच. झारेकरी सोनारांच्या दुकानातली राख आणि धूळ विकत घेऊन पाण्यात धूत आणि सोन्याचे कण वेचत. बॅटरीशिवायची ही कला यंत्रापेक्षा अचूक होती, कारण धुळीत काय असणार हे त्यांना आधीच माहीत असे.

लाडमोडच्या ताम्रपाषाण थरात एक मूल पुरलेलं सापडलं. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबं गंजताना त्याचे क्षार शेजारच्या धाग्यात मुरतात आणि धागा कुजवणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात, त्यामुळे मण्यांच्या भोकात ओवलेला धागा थोडाफार टिकला होता. तो तपासला तेव्हा रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले. भारतातल्या रेशमाचा इतका जुना पुरावा दुर्मीळ. अशाच माळेवर कोणी डिटेक्टर फिरवला असता तर? तांब्याचा स्वच्छ, गोड सूर उमटला असता. माणूस गुडघ्यावर बसून खुरप्याने भराभर उकरता झाला असता, मणी झटकून खिशात टाकले असते आणि धागा मातीबरोबर उडून गेला असता. मण्यांना सराफ फारसं काही देणार नाही. खरा ठेवा जो धागा, त्याच्यावर कोणतंच यंत्र वाजत नाही. नेवाशात सापडलेल्या रोमन मद्यकुंभांच्या खापरांवर नाही, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे पद्धतीच्या रंगीत मडक्यांवर नाही, अश्मयुगाच्या छिलक्यांवर तर नाहीच.

धातूच हवा असेल तर प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: दोन बैलांचा रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतक्या मोठ्या धातूवर साधा डिटेक्टरही खोलवरून वाजला असता. पण कुदळीने काढलं काय किंवा यंत्राने, गोची तीच. मूर्ती कोणत्या थरात होत्या याची पक्की नोंद झाली नाही. सांस्कृतिक अंगाने पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या मूर्तींचा विचार केला, तर त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवालांनी काळाविषयी शंका घेतली. १९७५ ते ७९ या वर्षांत एस. ए. साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं, तरी वाद पुरता मिटला नाही. एवढ्या सुंदर वस्तूंना आपला काळ सांगता येत नाही, कारण त्यांच्याभोवतीची माती त्याच दिवशी विस्कटली.

कायदाही या खेळाकडे प्रेमाने पाहत नाही. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद. दहा रुपयांची मर्यादा तेव्हाची, आज चांगली शिवराईदेखील ती ओलांडते. मालक ठरला नाही आणि आधी काही करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ते घेऊ शकतं. इथेच पाणी मुरतं. शिशाच्या नाण्याला धातूची किंमत ती काय? मग माणूस कलेक्टर कचेरीऐवजी भंगारवाल्याकडे जातो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये क्षत्रप नहपानाची चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. त्या ठशांवरून क्षत्रपांचा पाडाव इतिहासकारांनी वाचला. नाणी वितळली असती तर ते पान कोरंच राहिलं असतं. संरक्षित स्थळावर परवान्याशिवाय उत्खनन करायला तर १९५८पासून बंदीच आहे. ब्रिटनमध्ये सापडलेलं कळवलं की बाजारभावाने बक्षीस मिळतं, म्हणून १९९२मध्ये हरवलेला हातोडा शोधताना होक्सनच्या शेतात रोमन ठेवा निघाला तेव्हा शोधणाऱ्याने उकरणं थांबवून लोकांना बोलावलं. आपल्याकडे त्याच माणसाने काय केलं असतं याचा अंदाज मला आहे.

तरीही डिटेक्टर पुरातत्त्वाचा शत्रू ठरवण्याची घाई मी करणार नाही. १९८४मध्ये अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी छंदी लोकांनाच हाताशी धरलं. जिथे यंत्र वाजलं तिथे झेंडी रोवली आणि जागा नकाशावर मांडली. काडतुसांवरच्या खुणांवरून एकच बंदूक कुठून कुठे फिरली ते उमगलं. हे जमलं कारण रणांगणाचा ऐवज वरच्या मातीत विखुरलेला असतो, थरांत नाही. नेवाशाच्याच जिल्ह्यात खर्डा आहे, ११ मार्च १७९५ला मराठे आणि निजाम जिथे भिडले तो मुलूख. पांढरीची टेकाडं सोडून यंत्राने काही दाखवावं असं वाटत असेल तर जागा ही. रीतसर परवानगी, शेतकऱ्याची संमती, आखलेल्या पट्ट्या, प्रत्येक वस्तूची जागा उपग्रहावरून टिपलेली. तिथे शिशाची गोळी हवी तसा घोड्याच्या नालेचा खिळाही हवा, म्हणून वगळायची सगळी बटणं बंद ठेवायची, कानाला त्रास झाला तरी. बारीक गोळ्यांसाठी १५ किलोहर्ट्झ किंवा बहुवारंवारता. आणि नांगरट होऊन पहिला पाऊस पडला की उतरायचं, कारण ओल्या जमिनीत संकेत जरा बरा उठतो आणि पेरणी सुरू झाली की शेतकरी पाय ठेवू देणार नाही.