चार टक्क्यांचा विषय पंचवीस टक्क्यांचा होतो तेव्हा

दहावीच्या 600 गुणांत भौतिकशास्त्राच्या वाट्याला साधारण 24 गुण येतात. हा आकडा गुणपत्रिकेवर नसतो, काढावा लागतो. राज्य मंडळाचा विज्ञान आणि तंत्रज्ञान हा विषय 100 गुणांचा: भाग 1 चे 40, भाग 2 चे 40, प्रात्यक्षिकाचे 20. भाग 1 मध्ये 10 प्रकरणे आहेत. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा ही 6 भौतिकशास्त्राची, बाकी 4 रसायनाची. सगळ्या प्रकरणांना सारखे गुण धरले तर 40 पैकी 24, म्हणजे एकूण गुणांच्या 4 टक्के. त्यातही सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरणाऱ्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे विज्ञानातला कच्चेपणा टक्केवारीत झाकला जाऊ शकतो.

दोन वर्षांनी तोच विषय नीटमध्ये 720 पैकी 180 गुणांचा होतो, एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात 200 पैकी 50 चा आणि जेईई मेनमध्ये 300 पैकी 100 चा. म्हणजे 25 ते 33 टक्के. वेळेचे गणितही पालटते. दहावीत 40 गुणांना 2 तास, म्हणजे गुणामागे 3 मिनिटे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावीत पुस्तकही इंग्रजी मिळते.

पालक ही दरी क्लासने भरू पाहतात. माझ्या मते ती पडते नववीत. ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ ही नववीची पहिली दोन प्रकरणे; अकरावीचा बराच डोलारा त्यांवर उभा राहतो. पण नववीला बोर्ड नाही, म्हणून ती सूत्रे पाठ होतात आणि सहामाहीनंतर विसरली जातात.

नवी मुंबईतल्या तळोज्यातल्या मुलांना ही प्रकरणे शिकायला प्रयोगशाळाही लागत नाही. तिथली बेलापूर–पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 पासून धावते: लांबी 11.1 किमी, स्थानके 11. म्हणजे दोन स्थानकांत सरासरी 1,110 मीटर. गाडीचा कमाल वेग ताशी 72 किमी, म्हणजे सेकंदाला 20 मीटर धरू, आणि त्वरण 1 मीटर प्रति सेकंद वर्ग. हे दोन्ही आकडे सोयीसाठी घेतलेले. वेग घ्यायला 20 सेकंद आणि 200 मीटर लागतील, ब्रेक लावतानाही तेवढेच. उरलेले 710 मीटर पूर्ण वेगाने 35.5 सेकंदांत. एकूण 75.5 सेकंद, सरासरी वेग ताशी सुमारे 53 किमी. स्थानकावरचा 30 सेकंदांचा थांबा मिळवला की तो 38 वर येतो. कमाल वेग वाढवूनही प्रवासाचा वेळ फारसा का घटत नाही, हे इथे आकड्यांतच दिसते. सूत्रे सगळी नववीचीच.

घरातही गणित आहे. सिडकोच्या इमारतीत 1,000 लिटर पाणी 45 मीटर उंच टाकीत चढवायचे तर कार्य 1000 × 9.8 × 45, म्हणजे 4,41,000 ज्यूल. विजेचे एक युनिट 36 लाख ज्यूलचे, म्हणून हे जेमतेम अष्टमांश युनिट. पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली तर पाव युनिट. सोसायटीच्या बिलात पंपाचे युनिट याहून फार जास्त पडत असतील, तर गळती किंवा पंप यांपैकी काहीतरी तपासायला हवे. असा प्रश्न मी अजून एकाही चाचणीत पाहिलेला नाही, आणि तो यायला हवा.

नववीच्या विज्ञान शिक्षकांना एवढीच विनंती: पहिले प्रकरण संपले की मुलांना पेंधरहून बेलापूरपर्यंत मेट्रोने न्या. हातात घड्याळ द्या, प्रत्येक स्थानकावरची वेळ वहीत लिहायला सांगा आणि वरचे 75.5 सेकंद कुठे चुकतात ते त्यांनाच शोधू द्या.