‘मला काही झालेलं नाही, मग गोळी का?’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळकरी मुलांच्या हातावर वर्षातून एकदोनदा तरी सरकारी गोळी येते. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. २०१५ पासून तो पाळला जातो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोल हे जंतांवरचे औषध देतात. पूर्व विदर्भात त्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांची भर पडते. मोहीम निघाली की आशाताई दारात येतात आणि घरातल्या सगळ्यांना आपल्यासमोरच गोळ्या खायला लावतात. अशा वेळी एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते, ‘मला काही झालेलं नाही, मग मी गोळी का घेऊ?’

आपण मोठी माणसे काय सांगतो? ‘सगळे घेताहेत ना, तूही घे मुकाट्याने.’ गोळी पोटात जाते आणि प्रश्न तसाच राहतो. खरे म्हणजे रोग कसा होतो, औषध काय करते आणि ते आपल्यापर्यंत कोण पोहोचवते, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगला प्रश्न मिळणार नाही. तेव्हा आज याच प्रश्नाचे उत्तर शोधू या.

रोग दिसण्याआधीच असतो

हत्तीरोग हा नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागाचा जुना पाहुणा. सुजलेला पाय सर्वांना दिसतो, पण तो रोगाचा शेवटचा अंक असतो. सुरुवात होते ती घाण, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासापासून. हा डास चावला की दोऱ्यासारख्या एका कृमीची पिल्ले शरीरात शिरतात. मोठे झालेले कृमी रसवाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरत राहतात. गंमत म्हणजे ही पिल्ले रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने येतात. म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचे नमुने घ्यायला येतात.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. ज्याच्या रक्तात ही पिल्ले आहेत, तो माणूस वरून ठणठणीत दिसू शकतो. त्याला चावलेला डास पुढे शेजाऱ्याला चावतो. म्हणून गोळी केवळ आजाऱ्यासाठी नसते, गावातला रोगाचा साठाच संपवण्यासाठी असते. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती महिला आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना मात्र ती देत नाहीत. एकदा पाय हत्तीसारखा झाला की तो गोळीने पूर्ववत होत नाही, म्हणूनच वेळेवर घेण्याला महत्त्व.

मुलांना हेही सांगावे, की सगळेच रोग डासातून किंवा जंतूतून येत नाहीत. याच विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार अनेक कुटुंबांत आहे. तो आईवडिलांकडून वारशाने येतो. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. एवढे एक वाक्य वर्गात नीट समजले, तरी सिकलसेल असलेल्या मुलाला बाकावर एकटे बसावे लागणार नाही.

तीन गोळ्यांच्या तीन गोष्टी

२०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगासाठी दोनऐवजी तीन औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत हा उपचार सर्वांत आधी आला, त्यांत नागपूर होते. या तीन औषधांची नावे डायइथिलकार्बामाझिन म्हणजे डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन.

डीईसीचा शोध अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत लागला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आयव्हरमेक्टिनची कथा तर आणखी रंजक. जपानचे सातोशी ओमुरा मातीचे नमुने गोळा करीत असत. एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. त्याच्यापासून मिळालेल्या द्रव्यावर अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी काम केले आणि त्यातून हे औषध आले. दोघांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. औषध जंगलात, मातीत, बुरशीत किंवा प्रयोगशाळेच्या काचपात्रात, कुठेही सापडू शकते. पण सापडल्यापासून गोळी होईपर्यंत अनेक वर्षांची परीक्षा असते.

आता मात्रेचे पाहा. या मोहिमेत आशाताई मुलांची उंची मोजतात. मुलांना वाटते, गोळीचा आणि उंचीचा काय संबंध? आयव्हरमेक्टिनची मात्रा खरे तर वजनावर ठरते. पण दारोदार वजनकाटा नेणे अवघड, म्हणून उंचीवरून अंदाज घेतात. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते देतच नाहीत. औषध तेच, पण दादाची मात्रा वेगळी आणि छोट्या बहिणीची वेगळी. औषधशास्त्राचा हा पहिला धडा आहे आणि तो मोजपट्टीने शिकवता येतो.

हा धडा घरीही लागू पडतो. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते आणि मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीतही ते बऱ्याचदा असते. वरची नावे वेगळी म्हणून दोन्ही घेतल्या, तर दुप्पट मात्रा पोटात जाते आणि ती फार झाली तर यकृताला इजा होते. पाकिटावर कंपनीने दिलेले नाव असते, औषधाचे खरे नाव छापलेले असते वेगळे. ते वाचायची सवय दहाव्या-बाराव्या वर्षीच लागायला हवी.

बाटलीत काय होते?

औषध योग्य आहे, मात्राही योग्य आहे, तरी एक प्रश्न उरतो. लेबलवर जे लिहिले आहे, तेच बाटलीत आहे ना?

नागपूरकरांना हा प्रश्न २०२५ मध्ये फार जवळून भेटला. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याचे ‘कोल्ड्रिफ’ सिरप घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. एसआर-१३ या बॅचच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य तब्बल ४८.६ टक्के आढळले. त्याची सुरक्षित मर्यादा आहे ०.१ टक्का.

हे द्रव्य औषधात येते कसे? सिरप पातळ आणि गोडसर करण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते औषधासाठी योग्य अशा शुद्ध प्रतीचे असावे लागते. कारखानदारीतला स्वस्त माल त्याच्या जागी आला, तर सोबत हे विषही येऊ शकते. दिसायला ते सारखेच, रंगहीन आणि गोडसर. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही, तो कळतो प्रयोगशाळेतल्या चाचणीला.

आणि हे पहिल्यांदा घडले असेही नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधात हेच द्रव्य होते. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कायदा आला की औषध सुरक्षित असल्याचे आधी दाखवावे, मगच ते विकावे. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधांची खरेदी आणि तपासणी यांतला ढिसाळपणा उघडा पाडला. प्रत्येक वेळी विष तेच होते आणि प्रत्येक वेळी चाचणी करणारा एखादा दुवा निखळला होता.

कोल्ड्रिफ ज्या प्रकारचे मिश्रण होते, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसे लेबलवर छापावे, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. लहान मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरप पाजू नये, ही गोष्ट घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक हवी.

दुवा होण्याची संधी

बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलांना आपण इंजिनिअर किंवा डॉक्टर एवढेच विचारतो. औषधनिर्माणशास्त्र म्हणजे ‘मेडिकल टाकणे’, असा सार्वत्रिक समज. पण वर सांगितलेल्या साखळीतला प्रत्येक दुवा म्हणजे एक माणूस आहे आणि त्याचे शिक्षण याच शाखेत होते. नवे द्रव्य शोधणारा संशोधक, त्याची गोळी बांधणारा तंत्रज्ञ, कच्चा माल आत घेण्याआधी तपासणारा विश्लेषक, कारखान्यावर आणि दुकानावर नजर ठेवणारा औषध निरीक्षक, दुष्परिणामांच्या नोंदी अभ्यासणारा तज्ज्ञ आणि काउंटरवर चिठ्ठी वाचून समजावून सांगणारा फार्मासिस्ट.

बारावीनंतर डी. फार्म. दोन वर्षांचे आणि बी. फार्म. चार वर्षांचे असते. महाराष्ट्रात बी. फार्म.साठी सीईटी द्यावी लागते. रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने काम करायचे असेल, तर सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आहे. अमरावती मार्गावरील परिसरात नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे, कामठीसारख्या ठिकाणी महाविद्यालये आहेत. अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळाही नागपुरात आहे. ही वाट पुण्या-मुंबईला गेल्यावरच सुरू होते असे नाही.

एक कटू गोष्टही मुलांना सांगायला हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात भिंतीवरचे प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. प्रमाणपत्र भाड्याने देण्यासाठीच पदवी घ्यायची असेल, तर ती न घेतलेली बरी.

शाळेने काय करावे?

यासाठी वेगळे पुस्तक नको की वेगळा तास नको. मुलांना घरून औषधांची रिकामी पाकिटे आणायला सांगावीत, भरलेली नव्हे. वर्गात त्यांवर पाच गोष्टी शोधाव्यात: औषधाचे खरे नाव, प्रमाण किती मिलिग्रॅम, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि उभी लाल रेघ. लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. प्रतिजैविके त्यातच येतात. ती दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडायची नाहीत आणि उरलेली शेजारच्याला द्यायची नाहीत. बॅच क्रमांक कशाला, असे कोणी विचारले तर छिंदवाड्याची हकिकत सांगावी. सदोष औषध बाजारातून मागे घेतले जाते, ते याच आकड्यावरून.

जवळच्या फार्मसी महाविद्यालयाने वर्षातून एक दिवस आठवी-नववीच्या मुलांना प्रयोगशाळा दाखवावी. आवरण नसलेली साधी गोळी ३७ अंश तापमानाच्या पाण्यात १५ मिनिटांच्या आत फुटून विरते की नाही, ही चाचणी मुलांनी घड्याळ लावून पाहावी. आपल्या पोटातही साधारण तेवढीच ऊब असते, हे कळले की चाचणी कशासाठी हेही कळते. आणि औषधाचा त्रास झाल्यास डॉक्टरांना दाखवून १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते, हे फळ्यावर लिहून ठेवावे. ही नोंद डॉक्टरच नव्हे, तर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात.

प्रश्न विचारणारे मूल औषधाला नकार देत नसते, ते समजून घेऊ पाहत असते. गोळी का, किती आणि तिच्यात नेमके काय, एवढे तीन प्रश्न विचारणारी पिढी तयार झाली, तर घरात औषध जपून वापरले जाईल. आणि त्यातलीच काही मुले उद्या प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभी राहून बाटली बाजारात जाण्याआधीच तिला अडवतील.