मेंदूतील विद्रधी : जोखमीचे घटक आणि दुर्लक्षित वाहता कान

प्रस्तावना

जंतुसंसर्गामुळे मेंदूत पू साचून त्याभोवती आवरण तयार होते, त्या विकारास मेंदूतील विद्रधी किंवा बोलीभाषेत मेंदूतील गळू असे म्हणतात. हा आजार विरळ आहे. पाश्चात्त्य देशांत वर्षाला एक लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी रुग्ण आढळतात. तथापि त्याचा उगम बहुधा मेंदूत नसतो. कान, नाक, दात, हृदय वा फुप्फुस यांतील जुन्या विकारातून तो पुढे मेंदूत पोहोचतो. प्रस्तुत लेखात कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या ग्रामीण परिसराच्या संदर्भात या जोखमीच्या घटकांचा विचार केला आहे.

कानापासून मेंदूपर्यंत

२०१४ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात सुमारे ९,७०० रुग्णांच्या नोंदींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये मूळ संसर्ग कानात किंवा कानामागील हाडात होता. याचे कारण शरीररचनेत आहे. मधल्या कानाची पोकळी आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा केवळ एक पातळ पापुद्रा असतो. तो झिजला की संसर्ग वरच्या बाजूस मेंदूच्या कानशिलाकडील खंडात, तर मागील बाजूस लहान मेंदूत शिरतो.

आपल्याकडे 'कान फुटला' हे वाक्य सर्दी झाल्याइतक्या सहजतेने उच्चारले जाते. मूल मोठे झाले की कान आपोआप सुकेल, अशी समजूत आहे. तोवर कोमट तेल किंवा लसणाचा रस कानात घातला जातो. पडद्याला छिद्र असताना असे द्रव थेट मधल्या कानात उतरतात. विहिरीत पोहणाऱ्या मुलांच्या कानात पाणीही त्याच वाटेने जाते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत तर सुरू झालेला उपचारही मध्येच तुटतो.

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. पडद्याच्या मध्यभागी छिद्र असलेला कान सर्दीबरोबर भरपूर वाहतो, त्यामुळे तो सर्वांच्या नजरेस येतो; पण तो तुलनेने कमी धोक्याचा असतो. याउलट पडद्याच्या वरच्या भागात वा कडेला विकार असेल, तर त्वचेच्या पेशींचा थर आत साचत जाऊन हाड पोखरतो. असा कान थोडाच वाहतो, मात्र स्रावाला विलक्षण दुर्गंधी असते. म्हणजे ज्या कानाकडे घरच्यांचे लक्ष कमी जाते, तोच मेंदूच्या दृष्टीने अधिक घातक! वर्गात ज्या मुलाशेजारी कोणी बसू इच्छित नाही आणि ज्याला ऐकू कमी येत असल्याने 'ढ' ठरवले जाते, त्याचा कान कोणी तपासला आहे काय, हा प्रश्न म्हणूनच शिक्षकाचाही ठरतो. वाहणारा कान अचानक थांबून डोकेदुखी, ताप व उलट्या सुरू झाल्यास ते बरे होण्याचे लक्षण मानू नये.

अन्य घटक

जन्मजात हृदयविकारात, विशेषतः ओठ व नखे निळसर दिसणाऱ्या बालकांत, काही रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात जाते. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत एरवी अडकणारे जंतू त्यामुळे मेंदूपर्यंत पोहोचतात. सायनस आणि दातांचा संसर्ग प्रायः मेंदूच्या पुढील खंडाकडे जातो. डोक्याची खोल जखम, मधुमेह, तसेच प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे हेही घटक आहेत. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे मोठ्या संख्येने रुग्ण पाहिले. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर यांच्या जोडीने ही बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि काहींच्या मेंदूत शिरली.

निदान आणि एक पोकळी

ताप, डोकेदुखी आणि हातापायांतील अशक्तपणासारखी मज्जासंस्थेची लक्षणे ही तिन्ही एकत्र केवळ पाचांपैकी एका रुग्णात आढळतात, असे उपरोक्त आढाव्यात नमूद आहे. ताप नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही. सीटी स्कॅन वा एमआरआयने निदान, शस्त्रक्रियेने पू काढणे आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके असा उपचारक्रम असतो. ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकइवेन यांनी १८९३ मध्ये, क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता तेव्हा, शस्त्रक्रिया केलेल्या १९ पैकी १८ रुग्ण वाचल्याची नोंद केली होती. वेळेवर निदान झाल्यास काय साधते, याचा तो जुना पुरावा होय. पिशोर परिसरातील रुग्णाला मात्र अशा उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या 'घाटी' रुग्णालयातच जावे लागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. जन्मजात हृदयविकार, मधल्या कानाचा दाह, दंतक्षय या बाबी तिच्या यादीत आहेत. पण तिची वयोमर्यादा १८ वर्षे आहे. ज्याचा कान शाळेत निसटला, तो विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतो तेव्हा या तपासणीच्या कक्षेबाहेर गेलेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांत रक्तगट व रक्तदाब तपासले जातात. त्याच रांगेत 'कान वाहतो का, वास येतो का, ऐकू कमी येते का' हे तीन प्रश्न विचारण्यास कोणताही निधी लागत नाही. होकारार्थी उत्तर देणाऱ्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवण्याची जबाबदारी कार्यक्रम अधिकाऱ्याने लेखी नोंदीसह घ्यावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.